गाडीत, दवाखान्यात, रांगेत मोबाईल मोठ्याने लावणारे : तुम्ही तोंडावर सांगता का?

पारसिक
कळवा ते सीएसएमटी रोज करते, लेडीज डबा, स्लो गाडी, म्हणजे तासभर धरा. आधीही डब्यात कलकल असायची, भाजी निवडणं, हळदीकुंकवाची बोलावणी, सीटवरून भांडणं, सगळं असायचं आणि त्याचा मला कधी त्रास झाला नाही, माणसं बोलतायत म्हणजे आवाज होणारच. आता डब्यात शिरलं की एका वेळी सात-आठ मोबाईल वाजत असतात, कोणाचं कीर्तन, कोणाची सिरियल, कोणी बाळाला कार्टून लावून दिलेलं आणि बाकी सगळं रील. रील संपलं की तेच परत पहिल्यापासून सुरू, बघणारीचं लक्षही नसतं, ती खिडकीबाहेर बघतेय आणि फोन आपला वाजतोय.

गेल्या मंगळवारी शेजारच्या बाईंना म्हटलं, "ताई जरा आवाज कमी करता का, डोकं दुखतंय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं दुखतंय तर फर्स्टक्लासने जायचं." डब्यात एकीनेही तोंड उघडलं नाही. उतरताना मात्र दोघीजणी मला म्हणाल्या, बरं झालं बोललात. अगं मग तेव्हा का नाही बोललात!

माझं मत स्पष्ट आहे. घराबाहेर मोबाईलचा स्पीकर बंदच पाहिजे. वय, शिक्षण, गरिबी, कंटाळा, कुठलंही कारण मला मान्य नाही. इअरफोन नसेल तर आवाज बंद करून बघा, नाहीतर बघू नका.

विचारायचं एवढंच की तुम्ही अशा वेळी सांगता का, आणि नेमक्या काय शब्दांत सांगता? ज्यांचा उपयोग झाला त्यांनी जरूर लिहा.

ओली_भेळ
मी नाही सांगत. एकदा सांगितलं होतं, त्या गृहस्थांनी आवाज कमी केला आणि नंतर माझ्या खांद्यावर मान टाकून ठाण्यापर्यंत घोरले. रील परवडलं असतं.

संत्रा_बर्फी
पारसिकताई, शंभर टक्के सहमत. फर्स्टक्लासने जा म्हणणाऱ्या बाईंना सांगा की तिथेही हेच आहे. मी नागपूर-मुंबई विमानाने येत होतो, बाजूला चांगला सुटाबुटातला माणूस, लॅपटॉप, महागाचं घड्याळ, अन् हा भाऊ विमान सुटेपर्यंत शेअर बाजारावरचं भाषण मोठ्याने लावून बसून राहिला होता. एअरहोस्टेसने दोनदा सांगितलं तेव्हा बंद केलं. कानातलं बॅगेत होतं त्याच्या, ते काढायचा आळस. म्हणून ते गरिबी-श्रीमंतीचं कारण पटत नाही मला.

विद्यार्थीपास
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. आमचं घर दहा बाय बारा, माणसं पाच. घरात रात्री बाबा ड्युटीवरून आले की सगळे आवाज बंद, आईला पहाटे चारला उठायचं असतं. लोकलमधला दीड तास हीच माझी खोली आहे, तिथेच मी हसतो, तिथेच मॅच बघतो. मी इअरफोन वापरतो पण माझ्यासोबतचे दोघंतिघं एकाच फोनवर मॅच बघतात तेव्हा स्पीकर लावावा लागतो, इअरफोनची एक वायर तिघांच्या कानात कशी घालणार? ज्यांना घरी स्वतंत्र खोली आहे त्यांना बाहेर शांतता मागणं सोपं जातं, एवढंच म्हणणं आहे.

पारसिक
@विद्यार्थीपास, राग अजिबात नाही. पण दादा, ज्या डब्यात तू बसतोस त्याच डब्यात तुझ्या आईसारखी पहाटे चारला उठलेली बाई पण उभी असते. तिला तो तास डोळे मिटायला मिळाला तर? तिच्याही घरी खोली नाहीच आहे.

विद्यार्थीपास
हे मात्र खरंय. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

पेन्शनर
आमच्या काळी ट्रान्झिस्टर होता. टेस्ट मॅच असली की एखादा माणूस कानाला लावून चढायचा आणि अख्खा डबा त्याच्याभोवती जमायचा, "स्कोअर काय झाला हो?" बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की तोच आवाज वाढवायचा आणि लोकच म्हणायचे अजून वाढव. तो आवाज सगळ्यांना हवा असायचा. आत्ता वाजतो तो एकट्याला हवा असतो, आणि कधीकधी त्या एकट्यालाही नको असतो, नुसता चालू राहिलेला असतो. मला वाटतं फरक इथे आहे, आवाजाच्या मोठेपणात तितकासा नाही.

मांडवी
पेन्शनरकाका, अगदी बरोबर बोललात. आमच्याकडे गोव्यात कदंबाच्या बसमध्ये ड्रायव्हर जुनी गाणी लावायचा त्याचा कधी कोणाला त्रास झालेला आठवत नाही, एकच गाणं सगळी बस ऐकायची, मागची बाई गुणगुणायची. आता ड्रायव्हरचं वेगळं, माझ्या पुढच्याचं वेगळं, मागच्याचं वेगळं, आणि या तिन्हींत एकही धड ऐकू येत नाही.

आणि कोकणकन्यात तर कहर. रात्री अकराच्या पुढे गाडी सुटते, लोकांनी झोपावं म्हणूनच ती रात्रीची आहे ना? रोह्याच्या पुढे गेलं तरी वरच्या बर्थवर सिनेमा चालू. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये नियमच काढलाय की रात्री दहानंतर इअरफोनशिवाय मोठ्याने गाणी नाहीत, मोठ्याने फोनवर बोलणं नाही, नाईटलॅम्प सोडून दिवे बंद. टीसीला किंवा १३९ वर सांगता येतं. मी एकदा टीसींना सांगितलं, त्यांनी येऊन सांगितल्यावर दोन मिनिटांत सगळा डबा शांत झाला. वर्दीने सांगितलं की ऐकतात.

गुळशेंगदाणा
वर्दीवाला असंल तर ऐकणार हो, पण लाल डब्यात वर्दी म्हंजे एक कंडक्टर, त्येनं तिकिटं फाडायची का मोबाईल बंद करत फिरायचं? कोल्हापूर-पुणे गाडीत कराड येईस्तोवर चार वेगवेगळ्या सिनेमांचे शेवट ऐकलेत मी, एकाचीबी सुरुवात ठाऊक नाही.

कर्नाटकात बघा, २०२१ ला तिथल्या हायकोर्टाच्या आदेशानंतर केएसआरटीसीनं बसमधी मोठ्यानं मोबाईल लावायला बंदीच घातली, सांगून ऐकलं नाही तर खाली उतरवायची मुभा दिली. मुंबईत बेस्टनं पण एप्रिल २०२३ मधी तशी बंदी केलीय. म्हंजे नियम हाईत. पाळणारा पाहिजे.

ओली_भेळ
"चार सिनेमांचे शेवट" हे वाचून चहा सांडला.

उसातला
मी जुन्नर भागातला शेतकरी आहे. धागा सकाळीच वाचला, लिहू की नको करत होतो. आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, मग पाणी धरायला रात्रीच जावं लागतं, उसातनं. बिबट्या काय टीव्हीवर बघायची गोष्ट नाही आमच्याकडे, बांधावर पावलं दिसतात. वनखात्याचे लोक गावात येऊन सांगतात की रात्री एकटं जाऊ नका, जायलाच लागलं तर बॅटरी ठेवा, काठी ठेवा आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, म्हणजे जनावराला माणूस आल्याचं कळतं आणि ते बाजूला होतं. तर मी रात्री दोन-दोन तास खिशात फोन मोठ्याने लावून उसात फिरतो. कानात घालून फिरलो तर मागनं काय आलं ते मला कळणार नाही.

आता हाच मी सकाळी नारायणगावला एसटीत बसतो तेव्हा फोन तसाच वाजत असतो. एकदा एक पोरगी म्हणाली, काका आवाज, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चालूच राहिलाय. लाज वाटली, बंद केला. पण सगळेच मुद्दाम करत नाहीत एवढं सांगायचं होतं. रात्रीची सवय दिवसा लगेच सुटत नाही.

पारसिक
@उसातला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मोबाईलच्या आवाजामागे बिबट्या असेल असं मला आयुष्यात सुचलं नसतं. आणि त्या मुलीने काय शब्द वापरले ते लिहिलंत, "काका आवाज", दोनच शब्द. मी त्या बाईंना डोकं दुखतंय वगैरे कारण दिलं होतं. नुसतं "ताई, आवाज" म्हटलं असतं तर?

संत्रा_बर्फी
उसातला भाऊ, सलाम तुम्हाला. काळजी घ्या बाप्पा.

कानसेन
मी श्रवणतज्ज्ञ आहे, रोज कानाचेच पेशंट बघते, त्यामुळे थोडं लांबलचक होईल.

पहिलं म्हणजे मोबाईलचा आवाज एवढा का बोचतो. त्याचा स्पीकर एवढुसा असतो, त्यातून खर्जातले सूर निघतच नाहीत, उरतो तो वरच्या पट्टीतला आवाज. आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. म्हणजे फोनमधून निघतं तेच नेमकं, जिथे कान जास्त हळवा आहे. म्हणून गाडीची धडधड एवढी मोठी असूनही तिचा त्रास होत नाही आणि चार सीट पलीकडचं रील डोक्यात जातं. पारसिक, तुमचं डोकं दुखणं नाटक नाही.

दुसरं, पारसिक, तुम्ही म्हणालात वय हे कारण मान्य नाही, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. स, श, फ, थ असे वर्ण धूसर होतात. माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं पण काय बोलतात ते कळत नाही." मग तो आवाज वाढवत राहतो. आवाज वाढवूनही शब्द स्वच्छ होत नाहीत ते सोडा. त्यात कानामागे मशीन लावलेलं असेल तर वर इअरफोन बसत नाही, घातला तर मशीन शिट्टी मारतं. ब्लूटूथने थेट जोडणारी मशीन आहेत पण महाग आहेत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त आजी-आजोबांना आपण किती मोठ्याने लावलंय ते खरंच कळत नसतं. त्यांच्यावर ओरडू नका. हाताने खूण करा, त्यांना दिसेल अशी.

तिसरं तरुणांसाठी. इअरफोन घाला हे बरोबर, पण गाडीच्या आवाजावर मात करायला फुल्ल करून घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासांपर्यंत, आणि आवाज चढवला की हे तास झपाट्याने खाली येतात. विशीतली मुलं कानात सतत शिट्टी वाजते म्हणून यायला लागली आहेत, बघवत नाही.

पारसिक
कानसेन, वयाचं मी मागे घेते. माझ्या सासऱ्यांना आम्ही वर्षभर टीव्हीवरून बोलत होतो, मग तपासणीत कळलं. ते मला आठवायला हवं होतं. बाकी सगळ्यावर मी ठाम आहे.

डच_वारा
मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असतो. इथल्या ट्रेनमध्ये काही डब्यांच्या काचांवरच "शांतता" लिहिलेलं असतं, त्या डब्यात बोलायचंही नाही. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतही असे शांत डबे आहेत, तिकीट काढतानाच निवडता येतात. जपानला गेलो होतो तर तिथे गाडीत फोन सायलेंटवर टाका अशी घोषणाच होते, ते सायलेंटला "मॅनर मोड" म्हणतात.

पण खरं सांगू का, इथेही लोक बसतात शांत डब्यात स्पीकर लावून. कोणीतरी काचेकडे बोट दाखवतं, समोरचा सॉरी म्हणून बंद करतो. न बोलता काम होतं हा त्या स्टिकरचा मोठा उपयोग आहे, भांडण तुमच्यात आणि त्याच्यात होत नाही, तुम्ही फक्त काच दाखवता.

गुळशेंगदाणा
आमच्या लाल डब्यात काचंवर "विद्यार्थी", "अपंग", "आमदार-खासदार" लिवलेलं असतंय. आमदार कवा बसलेला बघितला नाही. त्या जागी शांतता लिवा की!

नाईटशिफ्ट
मी नर्स आहे, वॉर्डात. दवाखान्याच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असा नियम बाहेरच्या हॉर्नला आहे, आतल्या मोबाईलला काय?

एका रात्री आमच्या जनरल वॉर्डात कोपऱ्यातल्या बेडवर एक आजोबा शेवटच्या घटका मोजत होते. मुलगा हात धरून बसला होता, सून पायाशी. मध्ये एक पडदा, आणि पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक विनोदी कार्यक्रम बघत होता, प्रेक्षकांचे हशे सगळ्या वॉर्डात ऐकू येत होते. मी दोनदा सांगितलं, तो आवाज दोन रेघा कमी करायचा आणि मी वळले की परत वाढवायचा. तिसऱ्यांदा गेले आणि त्याच्या हातातून फोन घेऊन बंद करून टेबलावर ठेवला. सकाळी त्याने माझी तक्रार केली, मला जबाब द्यावा लागला. परत तशी वेळ आली तर परत तसंच करीन.

आजोबा पहाटे गेले. त्यांच्या मुलाने जाताना मला नमस्कार केला, तो फोनसाठी होता की कशासाठी मला माहीत नाही, पण तो मला रोज आठवतो.

तुम्ही विचारलंत सांगता का. हो. सांगते. रोज सांगते.

मांडवी
नाईटशिफ्ट, डोळ्यात पाणी आलं.

तिसरीघंटा
नाईटशिफ्टताईंच्या पुढे माझं दुखणं अगदी छोटं आहे, तरी लिहितो कारण मला ते जिव्हाळ्याचं आहे. नाटक. तिसरी घंटा होते, मोबाईल बंद ठेवा किंवा सायलेंटवर ठेवा अशी घोषणा होते, प्रेक्षक ती घोषणा फोनमध्ये बघतच ऐकतात, आणि दुसऱ्या अंकातल्या शांत प्रसंगात कोणाची तरी रिंगटोन. वर तो माणूस फोन उचलतो आणि कुजबुजतो, "अरे नाटकाला आलोय." २०१९ साली सुबोध भावेने जाहीर लिहिलं होतं की असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवतो, तेव्हा लोकांना वाटलं जरा जास्तच बोलतोय. मला नाही वाटलं. नटाला रिटेक नसतो.

मी काय करतो ते सांगतो. माझ्या पुढच्या-मागच्या दोन रांगांना पडदा उघडायच्या आधीच हसून विचारतो, "फोन बघितलात का सगळ्यांनी? मी आत्ताच विसरलो होतो." खरंच मी मुद्दाम त्यांच्यासमोर माझा फोन काढून बंद करतो. दहातले आठ जण लगेच आपापला काढतात. वाजल्यावर बोललं की माणूस चिडतो, आधी बोललं की चिडायला कारण नसतं.

संत्रा_बर्फी
हे करून बघण्यासारखं आहे.

गुळशेंगदाणा
एक इचारू का? मोबाईलवर एवढं बोलतोय आपण, मिरवणुकीच्या डॉल्बीवर कोण बोलणार? २००० सालापासनं नियम हाय, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. आणि आमच्या चौकात स्पीकरच्या भिंती लागल्या की घरातली भांडी वाजत्यात, म्हातारी माणसं कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसत्यात. तिथं सगळे गप. ज्या पोरानं चार दिवस त्या भिंतीपुढं नाचून कान बधिर करून घेतले त्येला मोबाईलचा आवाज काय मोठा वाटणार?

पेन्शनर
शेवटचं वाक्य पटलं.

ओली_भेळ
डॉल्बीला वेगळा धागा काढा दादा, तो पाचशे प्रतिसादांचा होईल आणि इथला मूळ प्रश्न बुडेल. पण मुद्दा शंभर टक्के खरा.

विद्यार्थीपास
परत आलो. मी विचार करत होतो की हे सुरू कधी झालं. मी शाळेत होतो तेव्हा लोकलमध्ये सगळ्यांच्या कानात वायरी असायच्या, फोनवर एफएम ऐकायला तर वायर लावावीच लागायची, तीच ॲंटेना. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट फुकटासारखं झालं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात ॲपलने इअरफोनचं भोक नसलेला पहिला आयफोन आणला. पण मला भोकाचं कारण पटत नाही, स्वस्त फोनना ते अजून आहे. माझ्या मते खरं कारण रील आहे. सिनेमा बघायचा तर माणूस इअरफोन काढतो, गुंता सोडवतो, घालतो, कारण दोन तास बघायचंय. पंधरा सेकंदांसाठी कोण गुंता सोडवणार? जून २०२० च्या शेवटी टिकटॉक बंद झालं, जुलैमध्ये इन्स्टाचं रील आलं, तेव्हा ते पंधरा सेकंदांचंच होतं. पंधरा सेकंद म्हणता म्हणता तास जातो आणि इअरफोन बॅगेतच राहतो. दरवेळी माणसाला वाटतं एवढं एकच बघतो.

कानसेन
विद्यार्थीपास, फार छान निरीक्षण. आमच्याकडे येणारे लोक पण हेच म्हणतात, "थोडंच बघत होतो."

संत्रा_बर्फी
आणि फोन पापडासारखा आडवा धरून स्पीकरवर बोलणारे राहिले की. त्यांच्या घरचं सगळं गावाला माहीत. माझ्यासमोर एका भाऊने बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला, आठ माणसं ऐकत होती. मी उठून सांगितलं, भाऊ असं नका करू. तर म्हणे, "तुम्ही माझं बोलणं कशाला ऐकता?"

डबलबेल
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. एसटीत कंडक्टर आहे, एकोणीस वर्षं झाली.

वर कोणीतरी म्हणालं की कंडक्टरने तिकिटं फाडायची का मोबाईल बंद करत फिरायचं. बरोबर आहे, मशीनवर तिकीट, पंच्याहत्तरच्या पुढच्यांचं वेगळं, महिलांचं अर्धं, सुट्टे पैसे, स्कॅनर, यातच पुढचा स्टॉप येतो. एकेकाला सांगत बसलो तर रोज भांडण. सुरुवातीला मीही भांडायचो. एकदा एकाने कॉलर धरली तेव्हापासून पद्धत बदलली.

आता मी स्टँडवरच, डबल मारायच्या आधी, पुढे उभं राहून सगळ्यांना एकदम सांगतो. "मंडळी, मोबाईल ज्याने त्याने कानात ऐका किंवा आवाज बंद ठेवा. मी मागून बेल मारली की ड्रायव्हरसाहेबांना ऐकू आली पाहिजे. कोणी उतरताना गाडी हलली तर माणूस खाली येतो." बस. एवढंच. हे खोटं सांगत नाही मी, खरंच तसं होता होता राहिलंय, माझ्या गाडीत एक आजी पायरीवर असताना. पुढे कोणाचा तरी फोन मोठ्याने चालू होता आणि सिंगल बेल ड्रायव्हरला गेलीच नाही.

हे सांगितल्यापासून वाद जवळजवळ संपले. कोणी लावलाच तर मला जावं लागत नाही, बाजूचा प्रवासीच म्हणतो, "अहो बेल ऐकू येत नाही त्यांना." माझ्या अनुभवात "मला त्रास होतो" म्हटलं की समोरच्याला वाटतं हा माझ्यापेक्षा मोठा कोण लागून गेला. गाडीचं कारण दिलं की तो आपल्यातला होतो. आणि एकट्याला सांगू नका, चारचौघांत एकट्याला सांगितलं की त्याचा अपमान होतो, मग तो चूक असला तरी माघार घेत नाही.

पेन्शनर
डबलबेल, दोन्ही हात जोडून नमस्कार. या धाग्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रतिसाद.

उसातला
तुमच्यासारखा कंडक्टर आमच्या गाडीला मिळो.

विद्यार्थीपास
लोकलला कंडक्टर नाही आणि बेलही नाही. तिथे कारण काय द्यायचं?

मांडवी
स्टेशनची घोषणा! दारातल्या बायकांना पुढचं स्टेशन कुठल्या बाजूला येणार हे ऐकायचंच असतं, नव्या माणसाला तर नक्कीच. हे काही खोटं कारण नाही.

पारसिक
चार दिवसांनी लिहितेय. डबलबेल, तिसरीघंटा आणि मांडवी, तुमचं तिघांचं मिळून करून बघितलं.

सोमवारी गाडीत शिरल्यावर बसायच्या आधीच, कोणाकडेच न बघता, जरा मोठ्याने म्हटलं, "बायांनो फोन जरा हळू ठेवूया का, घोषणा ऐकू येत नाही आणि या ताईंना पहिल्यांदाच मशीदला उतरायचंय." खरंच एक बाई लहान मुलाला घेऊन चढल्या होत्या आणि मला दोनदा विचारून झालं होतं. तिघींनी लगेच बंद केले. एकीने कमी केला. दोघींनी काहीच केलं नाही, त्यातली एक म्हणजे त्याच मंगळवारच्या बाई. पण मशीद आल्यावर त्याच उठून त्या ताईंची पिशवी दारापर्यंत घेऊन गेल्या, वाट काढून दिली. फोन तेव्हाही हातात वाजत होता.

मंगळवारी मी काही बोलायच्या आधी माझ्या समोरची मुलगी म्हणाली, "आवाज हळू हं सगळ्यांनी." मी तिला ओळखत पण नाही.

बुधवारी कोणी बोललं नाही, मीही नाही, पाय दुखत होते, सगळं पहिल्यासारखंच वाजत होतं. उद्या परत बोलणार.

नाईटशिफ्ट
बोला. एक दिवस सुटला म्हणून सोडू नका.

ओली_भेळ
त्या मंगळवारच्या बाईंशी एकदा गप्पा मारा, फोन आपोआप खाली जाईल.

पारसिक
@ओली_भेळ, हे खरंच करणार आहे. पिशवी उचलली तेव्हापासून मनात आहे.

@कानसेन, एक विचारायचं राहिलं. सासऱ्यांच्या एका कानाला मशीन आहे, उजव्या. गावी जाताना गाडीत त्यांना कीर्तन ऐकायचं असतं. डाव्या कानात एकच बाजूचा इअरफोन घातला तर चालेल का?

कानसेन
चालेल, पण एवढं बघा की दोन कानांचं मिळून जे ध्वनिमुद्रण असतं त्यातला अर्धा आवाज एका बाजूला जाऊ शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" असतं ते चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकाच कानात येईल. वायरवाला घ्या, बिनवायरीचा त्यांच्याकडून हरवेल. आणि डाव्या कानाचा तपास होऊन वर्ष झालं असेल तर आधी तो करून घ्या.

पारसिक
दीड वर्ष झालं. शनिवारी नेते त्यांना.